लीयामावशींचं अनुमोदन

लीया झिराडकर. माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आई-वडिलांच्या आधी मी हे नाव घेईन, आणि आई-वडिलांना त्याचं वाईट वाटणार नाही. आई तर दर फोनच्या शेवटी विचारायची, "तुझ्या तिथल्या मावशी बऱ्या आहेत ना रे?" गेलं वर्षभर मी त्या प्रश्नाला "हो, बऱ्या आहेत" असं उत्तर देत होतो, पुष्कळदा त्यांना न भेटताच. त्या गेल्याची बातमी त्यांच्या भाच्याने कळवली. डॅनियल रीडिंगला असतो, इथेच इंग्लंडमध्ये जन्मलेला, मावशींशीही इंग्रजीतच बोलणारा. त्या दिवशी त्याने मराठी का निवडली कुणास ठाऊक. "दत्ता, आंटी गेला," तो म्हणाला. "झोपेत गेला. शांत." मग तो इंग्रजीवर आला आणि दफनाची वेळ सांगू लागला; त्यांच्या समाजात उशीर करत नाहीत. मी ऑफिसात होतो. समोर संगणकावर पुढच्या वर्षीच्या सर्व्हिस चार्जचा तक्ता उघडा होता आणि त्यात मावशींच्या इमारतीची ओळ होती. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसलो... बंद करावं एवढंही सुचलं नाही. त्याला आता काही आठवडे झाले. लिहायला बसलो की हात मागे येतो, कारण मावशींचा चांगुलपणा लिहायचा तर त्याचा भार कुणावर पडला आणि तो कुणी वापरला, तेही लिहावं लागतं.

मी परतूरचा. वडील नगरपालिकेचा पाण्याचा टँकर चालवायचे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला मी. बँकेचं शैक्षणिक कर्ज काढून अकाउंटिंगमधल्या मास्टर्ससाठी मँचेस्टरला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात कळलं की खोली भाड्याने हवी तर ब्रिटनमध्ये राहणारा जामीन लागतो. नसेल तर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. त्याच सुमारास एका शाळेच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा गणपती होता. फुकट जेवण मिळेल म्हणून गेलो, आणि लाज वाटू नये म्हणून जेवणानंतर भांडी घासायला थांबलो. सोबतच्या मुलाला माझी अडचण सांगत होतो. मंडळातल्या दोन-तीन गृहस्थांना आधीच विचारून झालं होतं. ते वाईट नव्हते. पण कुणाला जामीन राहू नये, हे आपल्याकडे मुलाला अक्षरओळखीच्या आधी शिकवतात. तेवढ्यात मागून आवाज आला, "कधीपर्यंत लागतो जामीन?"

जाड लोकरी कोटाखाली नायलॉनची साडी, पायात बूट, साठीच्या घरातल्या एक बाई. मला आधी वाटलं, मंडळातल्याच कुणाच्या तरी सासूबाई. नंतर कळलं, त्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. जन्म भायखळ्याचा, तरुणपणी इथे आल्या आणि हॉस्पिटलात टायपिस्ट म्हणून नोकरी करून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. गणपतीला दरवर्षी येत. "आरतीला मी उभी राहत नाही," त्या सांगत, "मागे बसून मराठी ऐकते. वर्षातून एकदा कान धुऊन निघतात." मी म्हणालो, मावशी, तुम्ही मला ओळखत नाही. त्या म्हणाल्या, "बाकीचे श्रीखंडाचे डबे घेऊन पळाले, तू ताटं घासायला राहिलास. एवढी ओळख पुरे." आणि खरोखरच पुढच्या आठवड्यात एजंटच्या ऑफिसात येऊन त्यांनी सही केली. वडिलांनी आभार मानायला फोन केला. टँकरवर बसून बोलायची सवय, त्यामुळे आवाज खणखणीत. म्हणाले, "बाई, पोरानं दगा दिला तर मला सांगा, मी टँकर विकून भरपाई करीन." मावशी शांतपणे म्हणाल्या, "अहो, पण टँकर नगरपालिकेचा आहे ना?" तेव्हापासून त्या दोघांचं जे गूळपीठ जमलं ते शेवटपर्यंत. मला त्या "काय परतूरकर" अशी हाक मारत, आणि रागावल्या की नुसतं "दत्तात्रय".

पुढची वर्षं भरभर सांगतो. एका विषयात नापास झालो तेव्हा तिकीट काढून परत निघालो होतो. मावशींनी तिकीट रद्द करायला लावलं आणि परीक्षा होईपर्यंत रोज संध्याकाळी जेवायला बोलावलं. नारळाच्या दुधातलं मासळीचं कालवण, तांदळाची भाकरी. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे, म्हणजे त्यांच्या विसाव्याच्या दिवसाचे, दिवे लागले की त्या पुस्तक मिटायला लावत. कौन्सिलमध्ये तात्पुरती माणसं घेत आहेत हेही त्यांनीच कुठून तरी ऐकून मला सांगितलं. मी हाउसिंग विभागाच्या हिशेबात लागलो, टिकलो, कायम झालो; पुढे लग्न झालं, मुलगी झाली. वडिलांनी परतुरात पेढे वाटले. पोरगं इंग्लंडच्या नगरपालिकेत लागलं, म्हणून.

मावशींचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी जिन्याचं घर सोडून आमच्याच कौन्सिलच्या शेल्टर्ड हाउसिंगमध्ये जागा घेतली. याला वृद्धाश्रम समजू नये. प्रत्येकाला आपला फ्लॅट, आपली किल्ली, आपला स्वयंपाक. तळमजल्यावर सगळ्यांची मिळून एक बैठकीची खोली, तिला लाउंज म्हणतात. शिवाय कपडे धुण्याची खोली, लिफ्ट, बाथरूममध्ये पडलात तर ओढायची लाल दोरी आणि दिवसा ऑफिसात बसणारी एक मॅनेजर. घराचं भाडं वेगळं, आणि या सगळ्यासाठी सर्व्हिस चार्ज वेगळा. मावशींना लाउंज लगेच मानवला. बुधवारी दुपारी तिथे बिंगो चाले, आणि थोड्याच दिवसांत आकडे पुकारायचं काम त्यांच्याकडे आलं. त्या आकडा आधी मराठीत म्हणत, मग इंग्रजीत. ऐकून ऐकून तिथल्या म्हाताऱ्यांना मराठी आकडे येऊ लागले. शेजारच्या फ्लॅटमधली मॉरीन, गिरणीत काम केलेली, "पस्तीस" असं ठासून म्हणायची की परतूरच्या बाजारात खपली असती. केन नावाचे एक निवृत्त बस ड्रायव्हर होते. त्यांचा आकडा लागला नाही की ते म्हणत, लीया मुद्दाम हिब्रूत फसवते. मावशी म्हणत, "केन, हिब्रूत मी फक्त देवाला फसवते." एकटं राहायची सवय झालेल्या बाईला म्हातारपणी माणसं मिळाली होती. शुक्रवारचं सोडून त्या रोज खाली असत. मी गेलो की आधी लाउंजमध्ये डोकावायचो, वर फ्लॅटमध्ये नाही.

मग माझं ते काम निघालं. या लाउंजांचा, लिफ्टांचा खर्च आमच्याकडे पूर्वी कौन्सिलच्या सगळ्या भाडेकरूंवर थोडा थोडा पसरलेला असे. इंधन महागलं, घरांच्या दुरुस्त्या साचल्या, आणि घरांचं खातं त्याच खात्याच्या पैशांत भागलं पाहिजे असा इथला नियम. दुसरीकडून उचलता येत नाही. मी सुचवलं की ज्या इमारतीचा खर्च त्या इमारतीतल्यांनीच भरावा. मला ते मनापासून न्याय्य वाटत होतं. दोन लहान मुलं घेऊन टॉवरच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईने, कधी न पाहिलेल्या लाउंजच्या हीटिंगचे पैसे का भरावेत? ज्यांना पूर्ण हाउसिंग बेनिफिट, म्हणजे घरभाड्याची सरकारी मदत, मिळते त्यांची बरीचशी वाढ त्यातूनच भागणार होती. झळ बसणार होती ती मधल्यांना. आयुष्यभर नोकरी करून ज्यांनी एक छोटीशी पेन्शन बांधली आणि त्या पेन्शनमुळेच जे मदतीच्या रेषेच्या किंचित वर गेले, अशांना. मावशी त्यांतल्या. केन आणि मॉरीनही. हे मला माहीत होतं. म्हणूनच माझ्या बॅगेत एक दुसरा प्रस्तावही होता, की वाढ एकदम न करता काही वर्षांत टप्प्याटप्प्याने करावी. माझी साहेब हेलन म्हणाली होती, "भाडेकरूंची हरकत आली तरच तो काढ. नाही आली तर आपल्याला बरंच."

मावशींच्या इमारतीतल्या भाडेकरूंपुढे हे मांडायची मीटिंग माझ्याकडे होती, आणि हेलनने आणखी एक विचारलं होतं. त्या इमारतीत तुझ्या जवळचं कुणी राहतं का? असेल तर मीटिंग दुसऱ्याकडे देते. मी नाही म्हणालो. नात्याने त्या माझ्या कुणी लागत नाहीत, अशी मी मनाची समजूत घातली. खरं कारण एवढंच की सीनियरची जागा निघणार होती, हे काम माझं होतं, आणि त्याच्या शेवटाला दुसऱ्याचं नाव लागलेलं मला नको होतं.

रविवारी जाऊन मी मावशींना सांगितलं की मंगळवारी त्यांच्या लाउंजमध्ये माझी मीटिंग आहे आणि तिथे ओळख दाखवायची नाही. त्या उकड मळत होत्या. ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "म्हणजे मंगळवारी मी तुझी कुणी नाही."

"फक्त मीटिंगपुरतं, मावशी."

"बरं. मग मी तुला मिस्टर म्हणेन. तू हसू नकोस मात्र." उकड पुन्हा मळायला घेत त्यांनी विचारलं, "हिशेब खरा आहे ना? कुणाला फसवत नाहीस?"

मी म्हटलं, हिशेब खरा आहे. तो होताच. बॅगेतल्या दुसऱ्या प्रस्तावाबद्दल मी बोललो नाही... त्यांनी विचारलं नव्हतं.

मंगळवारी लाउंज भरला होता. मी पडद्यावर आकडे दाखवले. केन म्हणाले, "म्हणजे आम्ही जास्त भरायचं, आणि मिळायचं तेच. निदान हा गालिचा तरी बदलणार का?" लोक हसले. मॉरीन हसली नाही. ती म्हणाली, "मी इथे आठवड्यातून एकदा येते. बाकीचे दिवस मी पैसे कशाचे देते, दिव्याच्या बटणाचे?" आणखी दोघं-तिघं बोलू लागले. आवाज चढत होता. हरकत म्हणतात ती हीच, हे मला कळत होतं. माझा हात बॅगेत गेला, कागदाला लागलाही. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि मावशी उभ्या राहिल्या. खणखणीत इंग्रजीत त्या म्हणाल्या, "मी जन्मभर लोकांचे कागद टाइप केलेत. कोण लपवतंय ते मला कळतं. हे मिस्टर प्रामाणिक माणूस आहेत. जे आपण वापरतो त्याचे पैसे आपण द्यावेत, यात मला काही गैर दिसत नाही. माझा पाठिंबा आहे." मग केन खांदे उडवून म्हणाले, "लीयाला कळतं बुवा आकड्यांतलं. ती म्हणत असेल तर असेल बरोबर." मॉरीनने मान हलवली. आवाज खाली आले. आणि माझा हात बॅगेतून रिकामा बाहेर आला.

आपल्याकडे आपल्या माणसाला चारचौघांत खाली बघायला लावत नाहीत. घरी नेऊन कान उपटतील, पण पंगतीत त्याची बाजू घेतील. मावशी त्याच मुशीतल्या. केनला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं, हेलनला नव्हतं. मला होतं. त्या उभ्या राहतील असं मला आधी वाटलं होतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. वाटलं होतं. सगळे पांगल्यावर त्या कप गोळा करत माझ्या बाजूने गेल्या आणि ओठ न हलवता म्हणाल्या, "कोटाचं बटण लाव, मिस्टर." मी हसलो. माझ्यासाठी त्या दुसऱ्यांदा जामीन राहिल्या होत्या, आणि या वेळी त्यांना ते माहीतसुद्धा नव्हतं.

एप्रिलपासून नवा चार्ज लागू झाला. वाढ कागदावर दिसते त्यापेक्षा हातात आल्यावर मोठी असते. मॉरीनने केस कापायला जाणं बंद केलं, केननी फुटबॉल दाखवणारं चॅनल बंद केलं. मावशींनी काय बंद केलं ते त्यांनी मला कधी कळू दिलं नाही. तरीही लाउंजमध्ये त्यांना कुणी दोष देत नव्हतं. लीयाचा अंदाज चुकला, आपलाही चुकला, असंच सगळे म्हणत. मग एका रविवारी दुपारी मी मावशींच्या फ्लॅटमध्ये जेवत होतो. पायात मोजे, शर्टाच्या बाह्या वर, बोटं कालवणात. दार नुसतं लोटलेलं होतं. केन त्यांच्या पडद्याची दांडी बसवून द्यायला स्क्रू ड्रायव्हर घेऊन आत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. "ओ," ते म्हणाले. "कौन्सिल." आणि मावशींना म्हणाले, "पाहुणा आहे तुझ्याकडे. मी नंतर येतो." मावशी सपाता घालून मागोमाग जिन्यापर्यंत गेल्या. परत आल्या तेव्हा दांडीकडे बघत म्हणाल्या, "जेव. गार होतंय."

ते नंतर आले नाहीत. त्यांच्या दृष्टीने सगळं लख्ख होतं. लीया कौन्सिलच्या पोराला घरी जेवू घालते, त्याला ओळखत नसल्याचं सोंग करते, आणि भर मीटिंगमध्ये उठून त्याची तळी उचलते. त्यांनी भांडण केलं नाही. इंग्रज माणूस भांडत नाही, तो सौजन्याने वागायला लागतो. बिंगोचे आकडे केन पुकारू लागले. मी विचारलं तर मावशी म्हणाल्या, "घसा बसतो हल्ली." पुढे पुढे मी गेलो की त्या वर फ्लॅटमध्येच असत. वर नवीन किटली आली होती. गुडघे दुखतात, म्हणाल्या. लिफ्ट होती, ते मी बोललो नाही. हे निस्तरायला काय करायला हवं होतं ते अगदी साधं होतं. एका बुधवारी खाली जाऊन सांगायचं की ओळख लपवायला मी लावलं, आणि दुसरा मार्ग होता तो मी लीयापासूनही लपवला. पण तसं सांगितलं तर ते हेलनपर्यंत जाणार होतं. मावशीही खाली काही बोलल्या नाहीत, कारण त्यांच्या बोलण्यानेही ते हेलनपर्यंत गेलं असतं. त्या माझ्यासाठी गप्प राहिल्या. मीही माझ्यासाठीच गप्प राहिलो. सीनियरची जागा मला मिळाली. मावशींनी हलवा केला, नारळाच्या दुधाचा, आणि परतूरला फोन लावून वडिलांचं अभिनंदन केलं.

त्यानंतर काही महिन्यांनी विभागाकडे एक पत्र आलं. सुबक, कुठे खाडाखोड नाही. इमारतीतल्या भाडेकरूंसाठी म्हणून लीया झिराडकर यांनी विचारलं होतं की ही वाढ टप्प्याटप्प्याने करता येणार नाही का. हे आम्ही त्या मीटिंगमध्येच विचारायला हवं होतं, असंही त्यांनी लिहिलं होतं. माझा उल्लेख कुठे नव्हता. त्यांना मला नुसता फोन करता आला असता. पण फोनवरचं उत्तर खाली नेऊन दाखवता येत नाही. ते पत्र म्हणजे लाउंजमध्ये परत जाण्याची त्यांची वाट होती, हे पहिली ओळ वाचतानाच मला कळलं. उत्तर "हो, विचार करू" असं असतं तर ते घेऊन त्या खाली गेल्या असत्या, आणि केननी आकड्यांची पिशवी त्यांच्यापुढे सरकवली असती. तसं उत्तर अशक्य नव्हतं. प्रस्ताव तयार होता, माझ्याच हातचा. पण तो आता काढला तर आधी का काढला नाही ते निघणार, मीटिंगची नोंद निघणार, पाठिंबा देणारी बाई कोण आणि तुझी कोण, तेही निघणार. फाइल माझी, म्हणून उत्तर मलाच लिहायचं होतं. हेलनने विचारलं, "मीटिंगची नोंद काय सांगते?" मी म्हटलं, हरकत नाही, एक अनुमोदन. ती म्हणाली, "मग तसं लिही." टेबलावरचा चहा गार व्हायच्या आत ते लिहून झालं. आमच्याकडे अशी पत्रं विभागाच्या नावाने जातात, लिहिणाऱ्याच्या नाही. मला त्याचं बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

त्यानंतर आमची एकच भेट झाली. मावशी माझ्या बायकोबद्दल बोलल्या, मुलीच्या शाळेबद्दल बोलल्या. परतूरला पाऊस बरा आहे का, विचारलं. पत्राचा विषय त्यांनी काढला नाही आणि मी काढला नाही. निघताना दाराशी त्यांनी माझ्या कोटाची कॉलर सारखी केली. "कामात सुखी आहेस ना?" त्या म्हणाल्या. मी हो म्हणालो. लिफ्टपर्यंत येऊन त्या थांबल्या, दार मिटेपर्यंत.

दफनाला फार माणसं नव्हती. साधी लाकडी पेटी, पाऊस नाही पण दमट थंडी. त्यांच्यात प्रत्येकजण कबरीवर माती लोटतो, आणि फावडं पुढच्याच्या हातात देत नाही. मातीत खोचून ठेवतो, पुढच्याने ते स्वतः उचलायचं. माझ्याआधी मॉरीन होती. तिने फावडं खोचलं आणि बाजूला उभी राहिली. माझं झाल्यावर ती जवळ आली. "तू तोच ना, कौन्सिलवाला? मासे खाणारा." मी हो म्हटलं. मग तिने जे सांगितलं ते मी विचारलं नव्हतं. पत्राचं उत्तर आलं तेव्हा लीया बुधवारी खाली आली, कितीतरी आठवड्यांनी. लपवता आलं असतं. पत्राचं कुणाला माहीतच नव्हतं. पण तिने केनना थांबायला सांगितलं आणि उभं राहून ते सगळं वाचलं, आकडे पुकारायची त्याच आवाजात. "त्या ओळीलासुद्धा अडखळली नाही," मॉरीन म्हणाली. वाचून झाल्यावर म्हणाली, खरं आहे, मी दिला होता पाठिंबा. मग केननी विचारलं, हे लिहिलंय कुणी, तुझ्या त्या पोराने?

मॉरीनने हातांची माती झटकली. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

"लीया म्हणाली, नाही. तो असं लिहिणार नाही."

त्यांना खरंच तसं वाटत होतं, की खरं ओळखूनही तिसऱ्यांदा त्या माझ्यासाठी जामीन राहिल्या, हे आता मला कुणी सांगू शकणार नाही. गेल्या आठवड्यात हेलनला सगळं सांगितलं, त्याचं व्हायचं ते होईल. बुधवारी त्या इमारतीतही गेलो. लाउंजमध्ये हीटर चालू होता, गालिचा तोच होता. टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती आणि बाकीच्या तिच्यापासून थोड्या सरकवलेल्या होत्या... सवयीने, बहुधा. मी उभं राहून त्यांना सांगितलं की ते पत्र मी लिहिलं. केननी ऐकून घेतलं. म्हणाले, "आम्हाला माहीत होतं, बाळा. तिला सांगायचं कुणी, एवढाच प्रश्न होता."

इतक्या वर्षांत मी मावशींना पाठवलेलं एकुलतं एक पत्र हेच. मूळ इंग्रजी आहे. मराठी आता मी केलं आहे.

"प्रिय मिस झिराडकर,

आपले सर्व्हिस चार्जविषयीचे पत्र मिळाले. आपण वेळ काढून लिहिलेत, याबद्दल आम्ही आभारी आहोत.

आपल्या इमारतीचा चार्ज हा त्या इमारतीच्या प्रत्यक्ष खर्चावर आधारलेला असून तो योग्य रीतीने काढलेला आहे. वाढ टप्प्याटप्प्याने लागू करण्याचा विचार भाडेकरूंकडून हरकत आल्यासच करण्यात येणार होता. या विषयावर आपल्या लाउंजमध्ये झालेल्या बैठकीत अशी कोणतीही हरकत नोंदवण्यात आलेली नाही.

सदर बैठकीत आपण स्वतः उभे राहून या प्रस्तावाला अनुमोदन दिले होते, याकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो.

या परिस्थितीत निर्णयाचा फेरविचार करणे आम्हाला शक्य नाही. आपल्याला चार्ज भरण्यात अडचण येत असल्यास कृपया आपल्या इमारतीच्या मॅनेजरशी बोलावे. हा विषय येथे संपला असे आम्ही समजतो.

आपला विश्वासू,
सर्व्हिस चार्ज विभागाकरिता"